जमादाराच्या ताटावर

अकोल्याच्या चौकीत नत्थुजी शिपायाची कीर्ती एकाच गोष्टीसाठी होती. भरल्या ताटावरून तो कधी उठला नव्हता. चोर पळो, घोडं सुटो, साहेब येवो, नत्थुजी आधी हात चाटणार आणि मग पागोटं शोधणार. स्वतःबद्दल गडी मुळीच गैरसमजात नव्हता. आपण दारातून आत येतो तेव्हा पोट आधी येतं आणि शिपाई मागून, असं तो स्वतःच सांगायचा.

तरी आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गोदाबाईचं बोलावणं आलं, तेव्हा बेटा फुगलाच. गोदाबाई म्हणजे चंद्रभान जमादाराची बायको, शकुनची आई. त्या वर्षी विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा होता, भाव आभाळाला भिडले होते, त्यामुळे सगळ्यांनाच ऊत आला होता, दरोडेखोरांनाही. माघात अमरावतीच्या वाटेवर त्यांनी कापसाच्या गाड्या अडवल्या आणि चंद्रभान एकटा आडवा उभा राहिला. गाड्या वाचल्या, जमादार गेला.

आता आखजीला त्याच्या नावाने पाण्याची घागर भरायची आणि एकाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं. जेवण होईपर्यंत तो माणूस म्हणजे गेलेला माणूस. जमादाराच्या पाटावर आपण! नत्थुजीने मिशीला तेल लावलं. शूराच्या जागी शूरच बसवतात, दुसरं काय!

पाटावर बसता बसता त्याने ऐटीत विचारलं, "वैनी, एवढे शिपाई असताना मलेच काहून बलावलं?"

गोदाबाई सरळ म्हणाली, "त्या दिवशी ते जेवून राहिले होते, भाऊजी. हाक आली, अन् अर्धी भाकर टाकून उठले. उपाशी गेला मानूस माहा. तुमी काई ताटावरून उठत नाई. आज त्यायचं पोट भरलं पायजे."

घ्या! साऱ्या चौकीतून निवड झाली ती पोटाची. पंगतीत शेजारी बसलेला पुंजाराम शिपाई फिस्सकन हसला. नत्थुजीही हसला, पण मग घास काही उतरेना. पुरणाची पोळी घशात अडकायची ही जन्मातली पहिलीच वेळ. चंद्रभान त्याचा जिवाचा दोस्त होता. दोघं एकाच दिवशी भरती झाले होते. एकाने छाती कमावली, एकाने पोट.

ताट अर्धं झालं असेल-नसेल, तोच बाहेर बोंब उठली, "आग! कापसाच्या गंजीले आग लागली!"

पुंजाराम आणि बाकीचे शिपाई उष्ट्या हातांनीच धावले. आणि काय अवदसा आठवली कोण जाणे, नत्थुजीही उठला. खरंच उठला! पितर असल्याचं विसरून, पोट सावरत दाराकडे निघाला.

गोदाबाईने त्याचं मनगट धरलं. "बसा."

"वैनी, आग..."

"इझवतील लोकं. गावभर मानसं हायेत. त्या दिवशी मले हात धराचा होता. चार लोकायसमोर लाज वाटली. आज उठाचं नाई, तुमाले माही आन हाये."

नत्थुजी बसला. जन्मात एकदा मर्दासारखा उठलो, तर तेही बाईमाणसाने मोडून काढलं, असं त्याच्या मनात आलं, आणि हसता हसता त्याला रडू कोसळलं. गोदाबाईने गरम पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली आणि पदर तोंडाला लावून समोर बसली.

"सावकाश जेवा," ती म्हणाली, "सावकाश जेवा, शकुनचे बाबा."

नत्थुजीने रडत रडत सगळं ताट संपवलं. त्या दिवशी जमादार पोटभर जेवून उठला.