परवानगीची गरज नाही

अर्जदाराचे नाव, पत्ता

आकांक्षा दीपक राऊळ. दुसरा मजला, पावणाई चाळ, घोडपदेव. आता दुपारचे अडीच. पोर्टल पाचला बंद होणार.

हरकत कशाबद्दल (पन्नास शब्दांत)

चाळीच्या मागच्या भिंतीला लागून काँक्रीटचा प्लांट आहे. सिमेंटच्या चार उंच टाक्या. एवढ्या मोठ्या प्लांटला हवा प्रदूषण कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. कंपनीने सूट मागितली आहे. कारण: प्लांट तात्पुरता, माल विकत नाही, शेजारच्या स्वतःच्या दोन टॉवरपुरताच. सूट मिळाली तर परवानगी नाही, तपासणी नाही, मोजणी नाही. तात्पुरता म्हणजे चार वर्षं. माझे सासरे

शब्दमर्यादा ओलांडली आहे.

माझे सासरे चिंतामणी राऊळ एक्काहत्तर वर्षांचे आहेत. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं निम्मी उरलीत, या हवेत आणखी एक हिवाळा नको. दुसरीकडे जायला आम्हाला जागा नाही. हे रकान्यात बसत नाही म्हणून वहीच्या कागदावर लिहिते. बसेल तेवढं वर टाकेन.

स्थळपाहणीत काय आढळले

काहीच नाही.

म्हणजे असं. धूळ दिसावी म्हणून आम्ही ती सांभाळली होती. मी दारोदार जाऊन सांगितलं, गुरुवारी अकराला मंडळाचे साहेब येतायत, तोवर कोणी गॅलरी झाडायची नाही, कठडे पुसायचे नाहीत. चाळ वैतागली, पण ऐकलं. पाच दिवसांत कठड्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसली. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मी दार लावून आत ठेवलं. ते पाचही दिवस बसूनच झोपले. झोपले म्हणजे डोळे मिटले. मी स्वतःला सांगत होते, पाचच दिवस.

तारीख मी मोबाईलवर पाहिली होती. पंचांगात नाही.

आज सकाळी साडेसहाला पाण्याच्या आवाजाने उठले. सासूबाई पदर खोचून उंबरा घासत होत्या. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बायका, बादल्या, खराटे. मार्गशीर्षातला गुरुवार.

"आई! काय केलंत हे?"

"काय केलंय? अगो, आज गुरुवार मां. घट मांडूचो आसा. लक्ष्मी काय ह्या धुळीतसून येतली?"

"आणि तो साहेब?"

"तोय येतलो. परक्या माणसाक असला दार दाखवूचा?"

शेजारची दीपिका रांगोळीचा डबा घेऊन उकिडवी बसली होती. "चिडू नको ना यार. तूच बोललीस मोठा माणूस येणारे. मी डबल रांगोळी काढली, बघ."

खरं म्हणजे कुणीच विसरलं नव्हतं. सगळ्यांना साहेब लक्षात होते, म्हणूनच सगळ्यांनी जास्त घासलं.

क्षेत्र अधिकारी कासारे अकराला आले. बूट काढले, रांगोळीला वळसा घातला, कठड्यावरून रुमाल फिरवला. रुमाल पांढराच राहिला. त्यांनी मागे पाहिलं. प्लांट बंद होता. तारीख तिकडेही कळली होती.

"मॅडम, इतकी स्वच्छ चाळ मी या वॉर्डात पाहिली नाही."

"सर, सकाळी धुतलीय."

"असेल. मला दिसतं तेवढंच लिहिता येतं."

"दोन तास थांबा. प्लांट चालू होईल."

"अजून दोन ठिकाणी जायचंय. आणि कंपनीचं कागदावर बरोबर बसतं हो. तात्पुरता, स्वतःपुरता." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाचच्या आत पुरवणी निवेदन टाका. सोबत काहीतरी जोडा. नुसतं 'धूळ येते' सगळेच लिहितात."

आतून बाबांचा खोकला ऐकू आला. कासारेंनी दाराकडे पाहिलं, पण खोकला कशाचा हे दारावर लिहिलेलं नसतं. आईंनी त्यांना केळं दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

पुरावा जोडा

जुने फोटो जोडले. *पाहणीच्या दिनांकापूर्वीचा पुरावा ग्राह्य नाही.*

कठड्याचा आजचा फोटो जोडू? त्यात रांगोळी येते.

बाबांचे एक्स-रे जोडले. *तेच* उत्तर.

तीन वाजून दहा. आई देवाजवळ बसल्यात. मघापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "माका कोणी सांगूक व्हया होता, धूळ म्हणजे कागद." मी सांगितलं होतं. पण धूळ ठेवायची असते, हे सांगून कळण्यासारखं होतं का, मला माहीत नाही.

पुरावा जोडा

"ओ वरचे!" खालून रखमा ओरडली. "मोरी तुंबली! पाणी माझ्या गॅसपर्यंत आलं! लक्ष्मी तुमच्या घरात आणि पाणी माझ्या घरात, काय?"

मनू आला. चाळीतले नळ, मोऱ्या तीस वर्षं तोच बघतो. त्याने सळई घातली, ती आत जाईना. मग त्याने पाइपच कापला.

"वहिनी, हा कचरा नाय. दगड हाय."

वीतभर लांब, राखाडी, पाइपच्या आकाराचा गोल तुकडा. मनूने तो फरशीवर आपटला. फरशीचा टवका उडाला.

"सिमेंट. तुम्ही रोज पुसता, बादली मोरीत ओतता. पाण्याबरोबर खाली बसतं नि धरतं. आज सगळ्यांनी पाच दिवसांचं एकदम सोडलंत, बाकी कायच नाय."

मी त्याच्या हातातून तुकडा ओढूनच घेतला. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढले, कापलेल्या पाइपचे काढले, मनूला तारीख आणि वेळ घालून चार ओळी लिहायला लावल्या. आई देवाजवळून उठून आल्या. मनूच्या सहीखाली त्यांनी न विचारता स्वतःची सही केली: रमाबाई चिंतामणी राऊळ, आणि पुढे, "मी स्वतः धुतले."

चार चाळीस. फोटो चढत होता. थांबत होता. पुन्हा चढत होता.

पुराव्याचे वर्णन

चाळीच्या मोरीच्या पाइपमधून निघालेले घट्ट सिमेंट. घरात व गॅलरीत बसलेली धूळ पाण्याशी

बाबा दारात येऊन उभे होते. पाच दिवसांत पहिल्यांदा बाहेर. चौकटीला धरून त्यांनी श्वास जमवला आणि हात पुढे केला. मनूने तुकडा त्यांच्या हातात दिला.

"ह्या काय?"

"सिमेंट, अण्णा. आपल्याच घरातलं. ओलं झालं की असं होतं."

बाबांनी तो उलटा केला, सुलटा केला, वजन पाहिलं. मग दुसरा हात हळूच छातीवर ठेवला. मनूला आपण काय बोलून बसलो ते कळलं असावं, तो सळई पुसायला लागला.

मिसळून घट्ट होते. सादर करा.

*हरकत नोंदवली. निर्णय तीस दिवसांत कळवला जाईल. तोपर्यंत प्रकल्प सुरू ठेवण्यास परवानगीची गरज नाही.*

चार अठ्ठावन्न. मागे प्लांटचा भोंगा वाजला आणि खडीचा पट्टा सुरू झाला.

बाबांना खोकल्याची उबळ आली. ते पायरीवर बसले. "पाणी," ते म्हणाले.

आईंनी तांब्या भरून आणला. द्यायला वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. तांब्या त्यांच्या हातात, बाबांचा हात पुढे. त्या माझ्याकडे बघत होत्या, द्यायचं ना, असं विचारत.