दुसऱ्या खुर्चीवरची चुंबळ

मी एक जुनी चुंबळ आहे. डोक्यावर ओझं घ्यायचं असलं, की कापड पिळून, गोल वळून त्याखाली ठेवतात, ती मी. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलंही नसेल. माझं वजन पाव किलोसुद्धा नाही; पण पंचवीस किलोचा केळीचा घड आणि माणसाचं डोकं यांच्यामध्ये मी बारा वर्षं राहिले.

द्रौपदाबाईच्या विटक्या हिरव्या लुगड्यातून माझा जन्म झाला. तिचा नवरा निंबा धुळ्याकडून सावद्याजवळच्या बागांत केळी भरायला आला होता. पहाटे पाचला कापणी सुरू व्हायची आणि दुपारी एकपर्यंत ट्रक भरायचा. मुकादम भिकन सगळ्यांना सांगायचा, "घड वाहावा तर निंबानं! एका केळाला डाग लागत नाही." ती स्तुती थोडी माझीही होती.

ट्रक भरला, की मुकादम बाटली काढायचा. तो तिथला रिवाजच होता. चुंबळीला माणसाचा घाम कळतो. निंबाच्या घामाला आधी नुसता मिठाचा वास असे. मग पहाटेच्या घामालाही दारूचा वास येऊ लागला.

एके दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली. जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दारू कायमची सुटली, तर यकृत सावरेल. नाही सुटली, तर दोन वर्षं धरा." तिथल्या सिस्टर हेमांगी यांनी हळूच सांगितलं, "एकट्यानं सुटत नाही, भाऊ. दारू सोडलेल्यांची मीटिंग असते. तिथे जा."

पहिली मीटिंग सावद्यालाच होती. तिथे फक्त स्वतःचं नाव सांगायचं असतं, हे निंबाला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे चार माणसांत उभं राहिलं, की बापाचं नाव आणि गाव सांगावंच लागतं. निंबाने मला दोन्ही हातांत घट्ट पिळलं आणि तो म्हणाला, "मी निंबा उखर्डू. धुळाकडना. भिकन मुकादमना टोळीमा शे. मी दारू पेस."

"नुसतं नाव पुरे, भाऊ," कुणीतरी म्हणालं. पण तोवर सगळं सांगून झालं होतं.

तिसऱ्या दिवशी ती बातमी टोळीत पोचली आणि ट्रकपाशी भिकन ओरडला, "या, निंबामास्तर! दारूची शाळा कशी चाललीय? पास का नापास?" टोळी खो खो हसली. बाटली फिरत फिरत निंबापाशी आली. त्याने ती पुढे जाऊ दिली नाही, तिथेच रिकामी केली.

दुसरी मीटिंग जळगावला होती. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं, माणसंही चांगली होती. पण ती संपेपर्यंत आमच्या गावची शेवटची एसटी निघून जायची. दोनदा निंबाची पहाटेची कापणी चुकली. तिसऱ्यांदा चुकली तर टोळीतून नाव कापीन, असं भिकनने बजावलं.

द्रौपदाबाईने मग सिस्टरबाईंना फोन लावला. "दुपारनी मीटिंग नही का कोठे, ताई? माणूस दुपारले बी पेसच ना!"

सिस्टर हसल्या, पण त्यांनी शोध घेतला. फैजपूर. दर मंगळवारी दुपारी तीन वाजता.

बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागे एक खोली होती. आत दोन खुर्च्या आणि एकच म्हातारा माणूस. ते रतिलालनाना.

"बाकीना लोके कोठे गयात?" निंबाने विचारलं.

"तू आला ना? दोघं झाले. दोघं जमले, की मीटिंग."

"मी निंबा उख—"

नानांनी हात वर केला. "निंबा. बस. बापाचं नाव इथे चपलांसारखं बाहेर ठेवायचं."

नाना सात महिने दर मंगळवारी त्या खोलीत एकटेच बसत होते. निंबाने कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तू आला असता आणि दाराला कुलूप असतं, तर?"

अडीच वर्षं दर मंगळवारी दोन्ही खुर्च्या भरलेल्या असत. माझ्यातला दारूचा वास गेला, फक्त मीठ राहिलं. पण नानांनी दारू फार उशिरा सोडली होती. गेल्या हिवाळ्यात ते वारले. खोलीची किल्ली निंबाकडे आली.

आता केळी खोक्यांत भरून जातात. घड डोक्यावर कुणी घेत नाही. मी चुलीपाशी भांडी उतरवायला पडून होते. एका मंगळवारी निंबाने मला झटकून खिशात घातलं. खोली झाडली, एका खुर्चीवर तो बसला आणि एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं त्याने मला दुसऱ्या खुर्चीवर ठेवलं. मग रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाला, "मी निंबा."

या गोष्टीला पाच महिने झाले. ज्याची जागा मी धरली आहे, तो अजून आलेला नाही. मंगळवारामागून मंगळवार रिकामा जातो, तसतसा निंबाचा आवाज बारीक होतो. त्यालाही दुसऱ्या माणसाची तितकीच गरज आहे, हे मला ठाऊक आहे. मी त्याचा घाम ओळखते.

मित्रांनो, तुमच्या दारात असा कुणी थबकला, तर तू कुणाचा, कुठल्या गावचा, हे त्याला विचारू नका. फक्त खुर्ची पुढे सरकवा. आणि तुमच्या ओळखीत कुणी दुपारचा पिणारा असेल, तर त्याला सांगा, फैजपूरला मंगळवारी तीन वाजता कुलूप नसतं. दुसऱ्या खुर्चीवर एक जुनी चुंबळ असेल. ती उचलायची, खाली ठेवायची आणि बसायचं.