एकेचाळीस ठिपके

मोबाइल कंपनीच्या नियंत्रण कक्षात ती अकरा वर्षं काम करत होती. कुठला टॉवर बंद पडला, कुठे कॉल तुटतायत, यावर लक्ष ठेवायचं. सैन्यातला धाकटा भाऊ सुट्टीवर आला की चिडवायचा, "तायडे, दिवसभर पडद्याकडे बघायचा पगार मिळतो तुला."

सीमेवर वातावरण तापलं आणि सैन्याने कंपनीचंच नेटवर्क वापरायचं ठरवलं. ते जोडून द्यायचं काम तिच्याकडे आलं. नवी यंत्रणा उभारायला वर्षं गेली असती. इथे बाजारातले फोन, खास सिमकार्डं आणि आहेत तेच टॉवर. तीन आठवड्यांत काम फत्ते. मधे कुणी कान लावलाच तर नुसती खरखर ऐकू येणार, याची सैन्याकडून हे काम बघणाऱ्या मेजरांनी दहादा खात्री करून घेतली. भावाच्या तुकडीलाही हे फोन मिळाले होते. तुकडी कुठे आहे, ते तो घरी सांगत नसे.

मंगळवारी दुपारी नदीकाठच्या टॉवरवर कॉल तुटत असल्याचं कळलं. जेवता जेवताच तिने नकाशा उघडला. बांधाच्या कडेने सैन्याच्या फोनांचे ठिपके होते, ओळीने. तिने मोजले. एकेचाळीस.

आसपासच्या टॉवरांपासून आपण किती दूर आहोत, हे प्रत्येक फोन दर काही सेकंदांनी कळवत होता. सेवा सुधारावी म्हणून शहरात ही सोय सगळीकडे चालू असते. इथेही तिनेच चालू केली होती, सवयीने.

तिने डबा बाजूला सारला. बोलणं लपलं होतं, माणसं उघडी पडली होती.

पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होतं की हे पान आणखी कुणीतरी उघडलंय. दुरुस्तीच्या कंत्राटदाराचं खातं होतं. तिने त्याला फोन लावला.

"आमचं कुणी नाही," तो म्हणाला. "आज आमची सुट्टी आहे, मी घरी बसलोय."

"मग तुमच्या नावाने दोन तास आत कोण आहे?"

तिने ते खातं तोडलं. मॅनेजर म्हणाले, "आधी वरच्यांना लेखी कळवू." तोवर तिने मेजरांचा नंबर फिरवला होता.

"साहेब, नदीकाठची तुकडी दिसतेय."

"कुणाला?"

"मला. आणि आणखी कुणाला तरी, दोन तासांपासून. एकेचाळीस जण आहेत ना?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

एकेक ठिपका विझू लागला. पंचवीस. नऊ. तीन. शेवटी एकच उरला, तो काही विझेना. सतराव्या मिनिटाला टॉवरच लाल झाला. बंद पडलेला टॉवर तिने हजारदा पाहिला होता, पण या वेळी ती दुरुस्तीची नोंद करायलाच विसरली.

संध्याकाळी मेजरांचा फोन आला. शत्रूचा मारा होण्याआधी चाळीस जण हलले होते. एक गेला. फोन बंद करा, हा निरोप पुढच्यांना तो देत होता, म्हणून त्याचा स्वतःचा फोन चालू राहिला.

"माझा भाऊ..." तिने त्याचं नाव सांगितलं.

"तो बरा आहे," मेजर म्हणाले.

तिला हायसं वाटलं, आणि लगेच त्याचीच लाज वाटली.

चौकशीत मॅनेजरांनी सुचवलं, "यंत्रणेचा दोष, असं लिहू." तिने कागदावर लिहिलं, ही सोय मी चालू केली, आणि खाली सही केली.

चार दिवसांनी भावाचा फोन आला. गेलेला माणूस त्याच्याच तंबूतला होता. तिने त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता.

"आईला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"अजून नाही."

"मी आल्यावर सांगू," तो म्हणाला. या वेळी "तायडे" मात्र म्हणाला नाही.