गाईची पोळी

शुक्रवारी मृणालिनीबाईंनी जाहीर करून टाकलं, की आपलं तिकीट बदला आणि आपल्याला नागपूरला परत पाठवा. सहा महिन्यांसाठी आलेली बाई, महिना सरतो न सरतो तोच निघाली! त्यांच्या लेकानं, म्हणजे श्रीरामनं, नेहमीप्रमाणे मान डोलावली आणि बेडरूममध्ये येऊन बायकोच्या कानावर घातलं, "आई म्हणते, मी इथं बिनकामाची. सोमवारी एजंटला फोन करतो. काय करणार यार?"

"काय करणार म्हणजे? थांबव ना त्यांना!" दीपा एवढ्या जोरात बोलली, की श्रीराम बघतच राहिला. सासू चालली म्हणून सुनेनं असं चवताळावं, हे त्याच्या हिशेबात बसेना.

दीपाचं खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? कारण कसलं, एक पोळी होती ती.

त्याचं झालं असं, की नव्या वर्षाच्या मुहूर्तावर या नवरा-बायकोनं लो-कार्ब डाएट सुरू केलं होतं. दोन हजार चार साल, कॅलिफोर्नियातलं अख्खं फ्रीमाँट त्या डाएटच्या नादी लागलेलं. पोळी बंद, भात बंद, बटाट्याकडे बघायचंसुद्धा नाही. श्रीराम नेमाचा पक्का निघाला. आठ वर्षांची इला आणि तीन वर्षांचा आर्य तर आधीपासूनच पास्त्याचे भक्त. अशा घरात पोळ्या लाटण्यात हयात गेलेली बाई येऊन पडली, आता बोला!

आणि मग एका संध्याकाळी दीपा ऑफिसातून फ्रीवेवर तासभर रखडून घरी आली, तर ओट्यावर टोस्टरच्या मागे फॉइलची एक पुडी. वर मुलांच्या आंघोळीचा आणि आजीच्या ओरड्याचा आवाज येत होता. पुडीत घडी घातलेली पोळी होती, आत तूप आणि गूळ. दीपानं इकडंतिकडं पाहिलं आणि उभ्याउभ्या ती फस्त केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुडी. तिसऱ्या दिवशीही! दीपा काय समजायचं ते समजली. आईंनी बरोब्बर ओळखलंय, सून डाएटपायी भुकेली राहते आणि नवऱ्यादेखत खाऊ शकत नाही. म्हणून बिचाऱ्या गुपचूप ठेवतात, एका शब्दानं बोलत नाहीत. काय मोठ्या मनाची बाई! दीपाची स्वतःची आई गेली त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून तिच्यासाठी असं झाकून कुणी काही ठेवलंच नव्हतं. पहिल्या घासाला तिचे डोळे भरून यायचे. आभार मानायला गेलं तर गुपित फुटणार, म्हणून तीही गप्प. आणि आता ही बाई म्हणते, मी चालले!

सोमवारच्या आत काहीतरी करायलाच हवं होतं. घरात बसून बसून त्या कंटाळल्या असतील, असं दीपानं ठरवलं. तिनं कंप्यूटरवर शोधून एका वाटेचा नकाशा प्रिंट केला. गावाला लागूनच असलेल्या टेकड्यांतली सपाट वाट, आर्यची बाबागाडी, म्हणजे स्ट्रोलर, जाईल अशी, लहानांना नि म्हाताऱ्यांना झेपेल अशी. शनिवारी सकाळी सगळी वरात निघाली. मृणालिनीबाईंच्या अंगावर नारायणपेठी साडी, तिच्यावर स्वेटर आणि पायात दीपाचे पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज.

मार्च महिना होता. टेकड्या हिरव्यागार, मधूनमधून पिवळी फुलं. येणारंजाणारं प्रत्येक माणूस हसून "गुड मॉर्निंग" म्हणत होतं.

"बाप्पा बाप्पा! तुमच्या गल्लीत शेजारी दार उघडत नाहीत, अन् इथं कुत्रं फिरवणारासुद्धा विचारपूस करून राहिला," मृणालिनीबाई म्हणाल्या. चेहरा खुलला होता. दीपाला जरा धीर आला.

पुढं एक लोखंडी फाटक लागलं. आत गेल्यावर लावून घ्या, अशी पाटी. इला पाटी वाचल्याशिवाय पुढं पाऊल टाकत नसे. तिनं फाटक लावलं, कडी दोनदा हलवून बघितली, आणि तेवढ्यात मृणालिनीबाई किंचाळल्या, "अगं बाई! गाई!"

खरंच उतारावर दहाबारा काळ्या गाई निवांत चरत होत्या. मृणालिनीबाईंनी लगबगीनं पर्स उघडली आणि फॉइलची पुडी बाहेर काढली. दीपानं ती लगेच ओळखली. तीच पुडी, तशीच घडी.

"श्रीराम, याच ना रे त्या गाई? वाटेत भेटल्या तर म्हणून निघताना करून घेतली. आज मी माझ्या हातानं घालते."

"आजी, नो!" इला आडवी आली. "बोर्डवर लिहिलंय, डू नॉट फीड!"

"असं? मग तुझे बाबा कसे गं रोज घालतात? रोज पहिली पोळी गाईची काढते मी. ऑफिसला जाताना घालतात ते."

इलानं कमरेवर हात ठेवले. "बाबा! यू ब्रोक द रूल? एव्हरी डे?"

बिचारा श्रीराम कात्रीत सापडला. हो म्हणावं तर लेक नियम मोडणारा बाप म्हणून तोंड फिरवणार, नाही म्हणावं तर आई. शेवटी तो चाचरत म्हणाला, "आई, तू आलीस तेव्हा मी 'ओट्यावर ठेव, सकाळी घालीन' म्हणालो खरं. पण साफ विसरलो गं. एकही घातली नाही."

मृणालिनीबाईंचा चेहरा उतरला. "मग माझ्या पोळ्या जातात कुठं? कचऱ्यात टाकता? मुलं शिवत नाहीत, तुमचं डाएट. या देशात माझ्या हातची पोळी एक ती गाय तरी खाते, एवढंच सुख होतं मला. तेही नाही म्हणता?"

दीपाला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. म्हणजे ती पोळी तिची नव्हतीच! कुणी तिची भूक ओळखली नव्हती, कुणी तिच्यासाठी झाकून ठेवलं नव्हतं. वेड्यासारखी ती रोज गाईचा घास खात होती आणि डोळे पुसत होती. लाज वाटली, त्याहून जास्त रडू आलं. पण सासूबाईंचा तो चेहरा बघून गप्प राहणंही जमेना.

"कचऱ्यात नाही, आई," ती म्हणाली. "मी खाल्ल्या."

"तू?"

"मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी ठेवता. आई गेल्यापासून असं कुणी ठेवलंच नव्हतं. मग विचारलं नाही. खाल्ल्या."

"दीपा! आणि आपलं डाएट?" श्रीराम उद्गारला.

"तू तोंड उघडू नको रे!" आईनं त्याला झापलं, आणि सुनेकडे वळून विचारलं, "रोज?"

"रोज. एकसुद्धा सोडली नाही."

मृणालिनीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग खांदे हलू लागले. दीपाला वाटलं, रडताहेत. पण पदर तोंडाला लावून बाई हसत होत्या, हसता हसता वाटेकडेच्या बाकावर बसल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी थांबेनात. स्ट्रोलरमधला आर्यही कारण न कळता खिदळू लागला. कुत्रं घेऊन चाललेलं एक म्हातारं जोडपं काळजीनं थांबलं. "इट्स ओके," इलानं त्यांना गंभीरपणे समजावलं, "माय मॉम एट द काऊज लंच."

ते जोडपं घाईघाईनं पुढं गेलं. मृणालिनीबाईंनी डोळे पुसले, शेजारची जागा थोपटून सुनेला बसवलं आणि ती पुडी तिच्या हातात दिली.

"खा. सगळ्यांदेखत खा."

दीपानं फॉइल उलगडलं. पोळी अजून कोमट होती, गूळ पाघळला होता. रडत रडत, श्रीरामच्या डोळ्यादेखत तिनं पहिला घास घेतला. एका काळ्या गाईनं एकदा मान वर करून बघितलं आणि ती पुन्हा गवताला लागली. तिला त्या पोळीचं काहीच सोयरसुतक नव्हतं.

श्रीराम थोडा वेळ स्ट्रोलर मागेपुढे करत राहिला. मग त्यानं घसा खाकरला. "आई, मग सोमवारी एजंटला फोन..."

"शहाणाच आहेस!" मृणालिनीबाई म्हणाल्या. "घरची गाय उपाशी ठेवून जाऊ होय मी?"