गौरजाचे दोन लंगोट

सुदेशने खांद्यावरची करवत-मशीन किंजळाच्या बुंध्याशी टेकवली. "काका, खंयसून सुरू करू?"

बाबा, म्हणजे माझे सासरे, माझ्याकडे बघत राहिले. माझ्या कडेवर गौरजा होती, आठ महिन्यांची, माझ्या मॅक्सीचं बटण चोखत. माझ्या दुसऱ्या हातात खुरपं.

नागपंचमीला माती उकरायची नसते, म्हणून दुसऱ्या दिवशी, ती झोपलेली असताना मी तिचे दोन लंगोट पुरले होते. आईंच्या, माझ्या सासूबाईंच्या, जुन्या सुती लुगड्याचे. त्यांनीच लाल नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेले. एक वर बाबांनी लावलेल्या अकेशियाखाली, जिथे बारा वर्षं दुसरं झाडच नाही. दुसरा खाली रायीत, जिथे किंजळ, ऐन, जांभूळ मिसळून वाढलेत. दोन्ही वीतभर खोल.

राय तोडून तिथेही अकेशियाच लावायचा बाबांचा बेत. लग्नाआधी मी बांद्याजवळच्या रोपवाटिकेत कामाला होते, तेव्हाचं थोडं ठाऊक होतं. बाबांना म्हटलं, एकाच जातीच्या पाचोळ्यावर मातीतले मोजकेच जीव पोसले जातात, नाना पानांवर नाना जीव. माती जिवंत असली की सूत खाते. दसऱ्यानंतर दोन्ही उकरू. खालच्या मातीने जास्त खाल्लं नसेल, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

वरचा मघाशीच निघाला होता. डागाळलेला, पण अख्खा. धुऊन गौरजाला परत बांधता आला असता.

खाली खूणच सापडेना. गिरिपुष्पाची काठी रोवली होती आणि मी सुकी काठी शोधत होते. ती तर पावसात पालवी फुटून झुडपांत मिसळून गेलेली. दोनदा भलतीकडेच खणलं. शेवटी सापडली. वीतभर खणलं, मग दोन वीत. काळी भुसभुशीत माती, बुरशीची पांढरी जाळी, गांडुळं. कापड नाही.

"काय नाय हंय," बाबा म्हणाले. "जागा चुकलंस गो प्राजक्ता."

"नाही बाबा, हीच."

"मगे कापड खंय आसा?"

"उंदरान पिलांक झबला शिवल्यान आसतला," सुदेश म्हणाला आणि त्याने मशीनची दोरी ओढली. ती धडधडली. गौरजा दचकून रडू लागली. मी तिला छातीशी धरलं. खणायला आता हातच उरला नाही.

आईही आमच्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी पदर खोचला, गुडघ्यांवर बसून उकरलेली माती मुठीमुठीने चाळली. मग काहीतरी वर धरलं. लाल दोरा, वेडावाकडा, गाठीसकट. आत काहीच नसलेली शिवण.

"सुदेश, ती मशीन बंद कर रे."

त्याने केली.

"हो टाको माझो," आई म्हणाल्या. "डावऱ्या हाताचो. उलटो पडता."

बाबांनी दोरा डोळ्यांजवळ नेला. "आणि कापड कोणी खाल्ल्यान?"

"मातीन. दोनूव लंगोट एकाच लुगड्याचे. वयरचो तुमीच बघितलास मगाशी."

बाबा खड्ड्याशी उकिडवे बसले. मूठभर माती घेऊन हुंगली. मग वर अकेशियाकडे बघत राहिले. पहिल्या उन्हाळ्यात त्या रोपांना त्यांनी स्वतः कळशीने पाणी घातलं होतं, हे मला आईंनीच सांगितलं होतं.

"वयरसून सुरू कर," ते सुदेशला म्हणाले. "सगळी नको. एक सोडून एक. मधी ऐन, जांभूळ घालूया."

मी खड्डा बुजवायला वाकले.

"ती काठी उपटू नको," माझ्याकडे न बघता बाबा म्हणाले आणि चढण चढू लागले.