खारं उतरेपर्यंत

क्लोव्हिस त्राहानच्या ओसरीवर बसायचं, त्याची कडू कॉफी प्यायची, तर त्याची गोष्टही ऐकावी लागे. नंदाबाईंना ती आता पाठ झाली होती. म्हातारा इंग्रजीत सांगे, मधेच त्याचं ते जुनं फ्रेंच घुसे, आणि सून गिरिजा त्यातलं जमेल तेवढं मराठीत करून देई.

गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वीची. पार वर, कॅनडाच्या किनाऱ्यावर, अकादी नावाचा मुलूख होता. तिथं क्लोव्हिसचे पूर्वज शेती करायचे. वर राज्य आलं इंग्रजांचं. इंग्रज म्हणाले, आमच्या राजाची शपथ घ्या. हे म्हणाले, घेतो, पण बंदूक कुणाच्याच बाजूनं धरणार नाही. मग ऐन सुगीत गावातल्या सगळ्या पुरुषांना चर्चमध्ये बोलावलं, दारं लावून घेतली आणि हुकूम वाचला. जमीन, गुरं, घरं सरकारजमा, आणि माणसं जहाजात. पिएर त्राहान एका जहाजात, त्याचा भाऊ दुसऱ्यात. भाऊ पुन्हा कधी दिसला नाही. मागं वळून बघितलं तर घरं जळत होती. कितीतरी वर्षं दारोदार भटकून पिएर इथं लुइझियानाच्या दलदलीत पोचला.

इथं क्लोव्हिस थांबायचा आणि कॉफीचा शेवटचा घोट घ्यायचा. रोज.

"रामायण तरी सीता सापडते तिथपर्यंत जातं," नंदाबाई म्हणायच्या. "ह्याचं आपलं अपहरणातच अडकलंय." गिरिजा ह्याचं काही भाषांतर करत नसे.

नंदाबाई पेणच्या खारपट्टीतल्या. शाळा दुसरीपर्यंत, तीही मास्तर गावात असले तर. मुलगा सिद्धेश इथं तेलाच्या कंपनीत, म्हणून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. घर गावाबाहेर, आणि शेजार म्हणाल तर हा एक म्हातारा. गिरिजा त्याच्याकडून भेंडी घ्यायची, तिथून ओळख. तो त्यांना 'मिस नंदा' म्हणायचा. "सत्तरी आली माझी, आता कुठं मिस?" असं म्हणत त्या पहिल्या दिवशी पदराआड हसल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी पातळ बदलून आल्या.

तर म्हाताऱ्याचं दुखणं वेगळंच होतं. मागल्या वर्षी, दोन हजार पाचात, रिटा नावाचं वादळ आलं. समुद्र उठला आणि त्याच्या भातशेतात येऊन बसला. पाणी उतरलं, मीठ राहिलं. क्लोव्हिसनं वसंतात तरीही पेरलं. भात हातभर वर आलं आणि जळल्यासारखं पिवळं पडलं. आता येत्या रविवारी मुलगा ड्वेन ह्यूस्टनहून ट्रक घेऊन येणार होता. शेत बदकं मारणाऱ्यांच्या क्लबाला द्यायचं आणि बापाला घेऊन जायचं.

"आम्हा त्राहानांच्या नशिबातच हे लिहिलंय," त्या दिवशी क्लोव्हिस म्हणाला. "तेव्हा सैनिकांनी हाकललं. आता शेतानंच हाकललं."

गिरिजानं ते सांगितलं. नंदाबाईंनी कप खाली ठेवला.

"हाकलल्याचं पुरे झालं रे बाबा. ह्याच्या वाडवडलांची ती तिकडची जमीन आली कुठून, ते विचार त्याला."

"आई, त्यांना वाईट वाटतंय आत्ता."

"वाटू दे. विचार."

गिरिजानं विचारलं. म्हातारा बुचकळ्यात पडला. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मग सावकाश आठवत बोलू लागला. जमीन समुद्राचीच होती. मुळांसकट गवताच्या ढेपा कापून बांध रचला. बांधाखालून लाकडी पन्हळ घातली, आणि तिच्या तोंडाशी...

"...एक काहीतरी दार," गिरिजा अडखळली. "म्हणजे आई, समुद्राचं पाणी आलं की..."

"की ते लागतं. आणि ओहोटीला पावसाचं पाणी ढकलून उघडतं." नंदाबाईंनी तळहात उभा धरून पुढं-मागं हलवून दाखवला. "उघाडी! अगं, आपल्या बांधाला होती ती. तुझ्या सासऱ्यांनी सागाची केलेली."

क्लोव्हिस त्यांच्या हाताकडे बघत राहिला. मग आपलाही हात उभा धरून त्यानं तसाच हलवला आणि हसला. कैक दिवसांत तो हसला नव्हता.

"आता विचार, बांध घातल्यावर पेरलं कधी? त्याच वर्षी?"

"ते माहीत नाही म्हणतात."

"माहीत कसं नाही? आमच्याकडे बांध फुटून खांड पडली, खारं आत आलं की शेत सोडून द्यायचं. पावसाचं पाणी कोंडायचं, मुरवायचं, उघाडीतनं सोडायचं. परत कोंडायचं. घाई केलीस की बियाणंही गेलं. ह्याच्या घरात हे कुणी बोललंच नाही?"

म्हाताऱ्याची खुर्ची डुलायची थांबली. मग म्हणाला, आजी एक म्हण सांगायची खरी, पण ती शेताची नव्हे. घरात लग्न झालं की ती सगळ्यांसमोर उभी राहून म्हणायची, 'दलदलीला तीन हिवाळे, नव्या सुनेला तीन हिवाळे. तोवर कुणी नाव ठेवायचं नाही.' त्याची बायको ओडील आली तेव्हाही म्हणाली होती. ओडीलला ती म्हण फार आवडायची. भांडण झालं की तीच तोंडावर मारायची.

"बघा!" नंदाबाईंनी मांडीवर थाप मारली. "सून लक्षात राहिली, दलदल विसरले. आणि माझ्या सासूनं तर मला तीन दिवससुद्धा दिले नव्हते."

गिरिजानं हे मात्र चवीनं इंग्रजीत सांगितलं. मग मराठीत हळूच विचारलं, "आणि मला किती दिलेत, आई?"

"तुझं अजून मोजतेय."

क्लोव्हिस शेताकडे बघत होता. वादळाला एकच हिवाळा झाला होता.

"ह्याला सांग," नंदाबाईंचा आवाज जरा उतरला, "शेतानं नाही हाकललं. तूच घाई केलीस. तुझ्या घराण्यानं हाकलल्याची गोष्ट जपली आणि शेत केल्याची सांडून टाकली. आमची तऱ्हा त्याहून भारी. आमच्या बांधाला खांड पडली तेव्हा धावायला घरात कुणी उरलंच नव्हतं. आता तिथं कांदळाचं रान माजलंय. आणि आम्हाला कुणी जहाजात घातलं नव्हतं हो. आम्ही आपले विमानात बसलो."

 गिरिजानं सगळं सांगितलं, काही न गाळता.

रविवारी ड्वेन आला तेव्हा घरात एकही खोकं बांधलेलं नव्हतं. बाप शेताच्या टोकाला, पाणी काढायच्या पाइपापाशी, गुडघाभर रबरी बुटांत उभा. आठवडाभर रोज दुपारी सर येत होती. ते पाणी त्यानं फळ्या लावून कोंडलं होतं आणि आत्ताच फळ्या उचलल्या होत्या. पाणी खळखळ चरात पडत होतं. बांधावर पातळ खोचून एक म्हातारी आणि जीन्सातली एक मुलगी उभी होती.

"डॅडी, हे काय चाललंय? ट्रक आणलाय मी."

क्लोव्हिसनं पडत्या पाण्याकडे बोट दाखवलं. नंदाबाई वाकल्या, पडत्या पाण्यात बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि थुंकल्या.

"चाख म्हणावं त्याला."

"आई!"

"अगं, त्याच्याच घरचं आहे. चाखू दे."

गिरिजानं लाजत लाजत सांगितलं. ड्वेननं बापाकडे बघितलं, बापानं मान हलवली. पोरगा, पोरगा कसला, टक्कल पडलेला बाप्या, पण वाकला आणि बोट चाटलं. तोंड वेडंवाकडं झालं.

"खारट आहे."

"मग काय साखरेचं असेल? खारं बाहेर पडतंय, म्हणून खारट. ते आत राहिलं असतं तर रडायचं होतं." नंदाबाईंनी दोन बोटं वर केली. "अजून दोन."

"दोन काय?"

"हिवाळे," क्लोव्हिस म्हणाला. "माझ्या आजीची म्हण विसरलास? तुझ्या लग्नात मीच म्हटली होती."

ड्वेनला बायकोची आठवण झाली असेल, नाहीतर आईची. त्यानं ट्रककडे पाहिलं, मग आभाळाकडे. दक्षिणेकडून काळं येत होतं. चरात पडणारं पाणी आता बारीक झालं होतं, आणि नवी सर यायच्या आत फळ्या परत बसवायला हव्या होत्या. म्हाताऱ्यानं एक फळी उचलली. तिचं दुसरं टोक चिखलात घसटत गेलं. एकट्याला ती पेलत नव्हती.

ड्वेन बांधावरून उतरू लागला. पायात नवेकोरे पांढरे बूट.

"गिरिजा," नंदाबाई म्हणाल्या, "त्याला म्हणावं, आधी बूट काढ."