तेल प्यालेला दांडा

मी एक जुना सागवानी दांडा आहे, आणि मित्रांनो, एका जागी राहणं मला मुळीच जमत नाही. जमेल तरी कसं? माझा जन्म वल्ह्याचा. खाडीकाठच्या मुर्धा गावातल्या जानू कोळ्याने मला तासलं आणि वीस वर्षं खाडीचं पाणी कापायला लावलं. मग होडीला मशीन बसलं. मला आढ्याला टांगलं, आणि तिथे मी उगाच कुरकुरत राहिलो.

२००६ साली जानूची नात मनाली पूनम सागर या वसाहतीतल्या एका क्लासला जाऊ लागली. तिथे सुचेता मॅडम गाणं, नाटक, कोळीनाच आणि बॅले असं सगळं एकत्र शिकवत. ताल आधी तोंडाने म्हणायचा, मग टाळीने द्यायचा आणि शेवटी पायांत आणायचा, अशी त्यांची रीत. बॅलेच्या सरावाला हात टेकायला भिंतीशी आडवा दांडा लागतो. तो नव्हता, म्हणून मुली प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पाठी धरत. मनालीने घरी हे सांगितलं. जानूने माझं पातं कापलं, आणि दोन लोखंडी कड्यांत मी भिंतीला जखडलो. मुलींनी चवड्यांवर उठायचं, गिरक्या घ्यायच्या, आणि मी जागचा हलायचं नाही. जीव नुसता तळमळायचा. मनालीचा हात पडला की तेवढं बरं वाटे.

दुसऱ्या वर्षी पंख्याखाली सुकून मला चिरा पडल्या. रीमा नावाच्या मुलीच्या तळहातात कुसळ घुसलं. मॅडम म्हणाल्या, "मनाली, हा बदलावा लागेल गं. स्टीलचा पाइप मागवते." मनालीचं तोंड एवढंसं झालं. माझं तर धाबंच दणाणलं.

नारळी पौर्णिमा जवळ आली होती. त्याआधी आमच्याकडे होड्यांना माशाचं तेल चोळतात. मनालीने घरून त्याची बाटली आणली, क्लासच्या अर्धा तास आधी येऊन मला या टोकापासून त्या टोकापर्यंत चोळलं. खरं सांगतो, कित्येक वर्षांनी अंग सैल झालं.

आणि मग क्लास भरला. मुलींचे हात सटासट निसटले, दोघी एकमेकींवर आदळल्या, खोलीभर वास सुटला. रीमा नाक धरून म्हणाली, "कितनी बास आ रही है. मनाली, तू हाथ धोके आया कर ना." सगळ्या हसल्या. मनालीने फ्रॉकला हात पुसले, दप्तर उचललं आणि ती निघून गेली.

चार दिवस ती आली नाही. दार वाजलं की मला वाटे, तीच. मला वाचवायला गेली आणि स्वतःची जागा घालवून बसली. कड्या तोडून मुर्ध्याला जावं असं वाटे, पण जाणार कसा?

पाचव्या दिवशी मॅडम स्वतः मुर्ध्याला जाऊन आल्या. सोबत जानू होता. मनाली बाहेर चपलांपाशीच थांबली. जानूने माझ्यावरून बोट फिरवलं. "बाई, तेल चांगलंच हाय. पन आठ दिस मुरू द्यावं लागतं, तवर हात लावायचा न्हाय. पोरीला सांगायचं माजंच राहिलं."

मॅडम मुलींकडे वळल्या. "ऐकलंत? आठ दिवस खुर्च्या धरायच्या. पाइप येणार नाही. मनाली, आत ये, तुझी जागा रीमाच्या पुढे." रीमाने खाली बघत आपली खुर्ची मागे सरकवली. मनाली आत आली.

तेल मुरलं, कुसळं निघायची थांबली. मुली म्हणतात, आता वासही येत नाही. याला दोन वर्षं झाली. मनाली सगळ्यांत छान नाचते, रीमा तिची मैत्रीण आहे.

मित्रांनो, जुन्या लाकडाला वेळच्या वेळी तेलपाणी करा, ते पोटभर दुवा देईल. पण जपणाऱ्या हाताला वास आला म्हणून नाक मुरडू नका. मनाली अजूनही दाराशी थांबते, कुणी बघत नाही ना ते पाहते, आणि दोन्ही तळहात हुंगूनच आत येते.